पोपट स्वतःची पिसं उपटायला लागला तर

पिंजऱ्याच्या तळाशी रोज पिसं पडलेली दिसू लागली, छातीवरची कातडी उघडी पडली, की बहुतेक घरांत एक तर "पिसं झडायचे दिवस असतील" म्हणून सोडून देतात, नाही तर कोणी सांगितलं म्हणून कडुनिंबाचं तेल चोळतात. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात पक्ष्याचे हाल वाढतात.

पिसं उपटण्यामागे पोटातले जंतू, कातडीची खाज, यकृताचा बिघाड, अपुरी झोप, एकटेपणा, भीती असं काहीही असू शकतं. बाहेरून मात्र सगळं सारखंच दिसतं. म्हणून "यावर औषध काय?" हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी कोण उपटतंय, कुठली पिसं उपटतंय आणि कधीपासून, हे बघायचं. मग शरीर तपासून घ्यायचं. त्यानंतर पक्ष्याचं खाणं, झोप आणि दिवस सुधारायचा. हा क्रम उलटा केला की आपण खेळणी आणत बसतो आणि पक्षी आतून आजारीच राहतो.

आधी पक्षी कोणता ते बघा

गावातल्या पिंजऱ्यांत बहुधा बजरी असते (बाजारात तिलाच सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात), नाही तर खरे लव्हबर्ड, कॉकाटिल, आणि हल्ली कुठे कुठे कोनूर. स्वतःची पिसं उपटण्याचं प्रमाण आफ्रिकन ग्रे आणि काकाकुवांमध्ये जास्त, बजरीत त्यामानाने कमी. म्हणून बजरीची पिसं जात असतील तर जोडीदार, किडे किंवा विषाणू यांचा संशय आधी घ्यावा.

पिंजऱ्यात आपला गावरान हिरवा पोपट असेल, म्हणजे गळ्यात कंठ असलेला राघू, खांद्यावर लाल डागाचा मोठा करण पोपट किंवा जांभळट डोक्याचा तोई, तर गोष्ट वेगळी. तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरट्यातून पडलेलं पिल्लू दयेपोटी वाढवलं असलं तरी कायदा बदलत नाही. मात्र घाबरून त्याला शेतात सोडून देऊ नका. पिसं गेलेल्या पोपटाला नीट उडता येत नाही, ऊन-थंडी सोसत नाही. मांजर किंवा शिकरा त्याला दिवसभरातच गाठतो. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे जंगली पशुपक्ष्यांवर उपचार होतात. कोनूर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी पक्ष्यांसाठी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजरी आणि कॉकाटिलला ती लागत नाही.

पिसं नीट पाहा

सकाळच्या उजेडात पिंजऱ्यासमोर बसा आणि पक्ष्याला हात न लावता नुसतं बघा. पहिली नजर डोक्यावर जाऊ द्या. पोपटाची चोच त्याच्या स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. छाती, पोट, मांड्या, पंखांखालचा भाग उघडा पडलाय आणि डोक्यावरची पिसं मात्र गुळगुळीत, जागच्या जागी आहेत, तर तो स्वतःच उपटतोय. डोकं किंवा मान बोडकी असेल तर जोडीदार उपटतोय, पक्षी गजावर डोकं घासतोय किंवा कातडीचा आजार आहे. जोडीदाराचा संशय असेल तर दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवून काही दिवस वेगळं करून पाहा. पिवळसर पांढऱ्या ल्युटिनो कॉकाटिलच्या तुऱ्यामागे जन्मतःच टक्कल असतं, त्याची काळजी नको. पिल्लांची पाठ उघडी दिसली तर पुष्कळदा आईबापच पिसं काढत असतात, विशेषतः त्यांना पुढची अंडी घालायची घाई झाली की.

आता तळाशी पडलेलं एक पीस उचला आणि उजेडासमोर धरा. आपोआप झडलेल्या पिसाचं देठ कोरडं, स्वच्छ, काहीसं पारदर्शक आणि टोकाला निमुळतं असतं. वाढत असलेलं पीस ओढून काढलं असेल तर देठ काळसर लाल, ओलसर असतं, टोकाला रक्ताचा ठिपकाही दिसतो. तिसरा प्रकार चघळण्याचा. यात तळाशी अख्खं पीस सापडत नाही, नुसते तुकडे सापडतात, कडा कुरतडलेल्या, धागे सुटलेले. देठ पक्ष्याच्या अंगातच राहिलेलं असतं. हा फरक पुढे कामी येतो. मुळापासून निघालेलं पीस काही आठवड्यांत नव्याने फुटतं. चघळलेलं पीस मात्र पुढच्या झडणीपर्यंत तसंच खुरटं राहतं, आणि पक्षी सुधारत असूनही आपल्याला वाटतं की काहीच फरक नाही.

नेहमीची झडणी ओळखणं अवघड नाही. तीत दोन्ही बाजूंची पिसं सारखी जातात, कातडी उघडी पडत नाही आणि जुनी जाताजाता मेणचट पांढऱ्या नळीत गुंडाळलेली नवी पिसं वर येताना दिसतात. या नळ्यांची खाज असतेच, त्यामुळे त्या काळात पक्षी जास्त खाजवतो.

दोन खुणा दिसल्या तर वाट पाहत बसू नका. बजरीच्या चोचीभोवती आणि पायांवर पांढरट, छिद्राछिद्रांची खपली धरली असेल तर ते बारीक किडे आहेत आणि डॉक्टरांच्या औषधाने ते जातात. नवी पिसंच वाकडी, मध्ये आवळलेली येत असतील, सोबत चोच ठिसूळ झाली असेल, तर बीक अँड फेदर या विषाणूरोगाचा संशय घ्या आणि त्या पक्ष्याला लगेच दुसऱ्या खोलीत ठेवा. हा रोग इतर पोपटांना लागतो.

एक साधी वही करा. तारीख, किती पिसं पडली, त्या दिवशी घरात काय झालं: पाहुणे, लग्नाचा डीजे, पिंजऱ्याची जागा बदलली, खाणं बदललं. आठवड्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढा. किराणा दुकानातला ग्रॅमचा काटा मिळाला तर सकाळी खाण्याआधी वजनही लिहा. बजरी साधारण ३० ते ४० ग्रॅमची असते, कॉकाटिल ८० ते १२० ग्रॅमचा. वजनात दहावा हिस्सा घट दिसली तर ती गंभीर आहे.

हे आजच बंद करा

अंगाला तेल, हळद, राख, डिकेमाली, काहीही लावू नका. तेलाने पिसं चिकटतात, अंगाची ऊब धरून ठेवण्याचं त्यांचं काम थांबतं, आणि पक्षी पिसं साफ करताना ते सगळं पोटात घेतो. गोठ्यात गोचिडांसाठी आणलेलं औषध थेंबभर पाण्यात घालून पक्ष्यावर मारणारे लोक आहेत; त्याने पक्षी काही तासांत मरू शकतो. गुरांना टोचतात त्या आयव्हरमेक्टिनचंही तसंच. ते औषध पक्ष्यांना चालतं, पण ३० ग्रॅमच्या जिवाचं माप डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. घरात एकटाच असलेल्या पोपटाला उवा-किडे आपल्याला वाटतं तितके नसतात, म्हणून आंधळेपणाने किडे मारायचं औषध देण्यात हशील नाही.

वाढत्या पिसातून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट घेऊन त्या जागी हलकं दाबून धरा, छाती मात्र दाबू नका. पोपट छाती हलवूनच श्वास घेतो. रक्त थांबलं नाही तर लगेच दवाखाना.

डॉक्टरांकडे जाताना

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोज गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या येतात, पोपट क्वचितच. तरीही सुरुवात तिथूनच करावी. ताज्या विष्ठेची तपासणी तिथे होऊ शकते, आणि पुढे कुठे जायचं तेही कळतं. मोठ्या तपासणीसाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. आधी फोन करून पक्षी बघणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते विचारून घ्या. नाही तर एवढ्या लांबून जाऊन परत यावं लागतं आणि पक्ष्याला त्या प्रवासाचा ताण वेगळाच.

सोबत काय न्यायचं? पिंजऱ्यात रात्री कोरा कागद अंथरून त्यावरची सकाळची विष्ठा, कागदी पुडीत काही पिसं, पिंजऱ्याचे फोटो, वही आणि पक्षी काय खातो त्याची खरीखुरी यादी. चिवड्याचे शेंगदाणे आणि चहात बुडवलेलं बिस्कीटही यादीत लिहा. एसटीने जायचं तर पहाटेची गाडी धरा. छोट्या पिंजऱ्यावर सुती कापड टाका, आत पाण्याऐवजी काकडीची फोड ठेवा म्हणजे सांडत नाही.

डॉक्टर विष्ठेत जिआर्डिया नावाचा पोटातला जंतू शोधतील. कॉकाटिलच्या पंखाखालच्या खाजेमागे तो पुष्कळदा असतो. गरज पडली तर रक्त, पिसांच्या मुळांचे नमुने, एक्स-रे करायला सांगतील. पिंजरा जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीचा असेल तर ते आठवणीने सांगा. हार्डवेअरच्या दुकानातून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून पिंजरा बनवतात, पोपट ती चावत राहतो आणि जस्त पोटात जातं. नवी जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन, उन्हात वाळवून घेतली तर धोका कमी होतो; परवडत असेल तर स्टीलचाच पिंजरा घ्या.

गळ्यात घालायची कॉलर डॉक्टर कधी कधी देतात. जखम भरेपर्यंत तिचा उपयोग आहे. कारण शोधायचं काम ती करत नाही, आणि घरी पुठ्ठ्याची बनवून घातली तर पक्षी खाणं सोडू शकतो.

खाणं

गावाकडच्या पोपटाच्या वाटीत बहुतेक वेळा राळं किंवा बाजरी असते, वर सूर्यफुलाच्या बिया. वर्षानुवर्षं फक्त दाण्यावर राहिलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, कातडी कोरडी होते, सूर्यफूल-शेंगदाण्याच्या चरबीने यकृत बिघडतं. सुदैवाने यावरचा उपाय आपल्या परसात आहे. कोहळं (लाल भोपळा), गाजर, शेवग्याचा पाला, मेथी, चवळीच्या कोवळ्या शेंगा, मोड आलेले मूग, दुधावरचं मक्याचं कणीस, थोडी पपई, पेरू, संत्र्याची फोड. कॅल्शियमसाठी समुद्रफेस गजाला बांधा. विकतचा भाजीपाला आणि शेतातून आणलेला पाला दोन-तीन पाण्यांनी धुवा, कारण फवारा कधी झालाय ते आपल्याला ठाऊक नसतं.

बदल हळूहळू करा. पक्ष्याला उपाशी ठेवून भाजी खायला लावणं फार धोक्याचं आहे, एवढासा जीव एक-दोन दिवसांच्या उपासानेही दगावू शकतो. सकाळी भूक असते तेव्हा आधी भाजी द्या, तासाभराने दाणे. बारीक किसलेलं कोहळं ओल्या दाण्यांत कालवलं की चव लागते. काही पक्षी महिनाभर भाजीकडे बघतही नाहीत आणि मग एक दिवस खायला लागतात, म्हणून वाटी रोज लावत राहायची.

पावसाळ्यात शेंगदाणे आणि मका फार जपून द्या. ओलाव्याने बुरशी धरते, ती डोळ्यांना दिसण्याआधीच तिचं विष तयार झालेलं असतं आणि यकृतावर जातं. खारे दाणे, चहा, चॉकलेट, कांदा-लसूण, अॅव्होकॅडो कधीच नको.

ऊन, धूर, फवारणी

मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या छताखाली त्याहून जास्त तापतं. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकतोय, पंख अंगापासून लांब धरलेत, म्हणजे त्याला उष्मा होतोय. दुपारी पिंजरा मातीच्या किंवा कौलाच्या खोलीत, जमिनीजवळ, भिंतीला लागून ठेवा. कूलरचा झोत थेट अंगावर नको, आणि कूलरच्या ताट्यांना कुबट वास येत असेल तर त्या बदला.

कोरड्या लूमध्ये कातडी तडतडते आणि खाज वाढते. रोज सकाळी स्प्रेच्या बाटलीने साध्या पाण्याचे बारीक तुषार वरून पडू द्या, तोंडावर मारू नका. पसरट थाळीत बोटभर पाणी ठेवलं तर बरेच पक्षी स्वतःच आंघोळ करतात. साबण, शाम्पू नको. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास तरी मिळावं, काचेतून नव्हे, आणि पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत असावा.

चुलीचा धूर, मच्छर अगरबत्ती, उद, बिडी हे सगळं पिसांवर बसतं आणि फुप्फुसात जातं. नॉनस्टिक तवा करपेपर्यंत तापला तर त्याच्या वाफेने घरातला पक्षी काही मिनिटांत मरतो. फवारणीचं तर विचारूच नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. धडधाकट माणसाचं असं होतं तिथे पोपटाचं काय होईल? फवारून आल्यावर कपडे बाहेरच काढा, आंघोळ केल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावू नका, आणि पंप, औषधाचे डबे ज्या खोलीत असतात तिथे पक्षी ठेवू नका.

झोप

पोपटाला दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. आमच्या शेजारच्या काकूंच्या कॉकाटिलने पंखांखालची पिसं काढली होती, तेव्हा मी त्यांना विचारलं, "काकू, रात्री हा झोपते कुठं?" त्या म्हणाल्या, "कुठं म्हणजे? इथंच, टीव्हीच्या बाजूले. त्याले आमच्यासंग जागाची सवय झाली ना बाप्पा." मालिका संपून दिवा बंद व्हायला अकरा वाजायचे, पहाटे पुन्हा उजेड. आणि पिंजऱ्यातल्या सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर यायचे ते वेगळंच. कॉकाटिल अंधारात दचकला की पंख आपटत सुटतो, पिसं तुटतात, आणि तुटलेली खुंटं टोचतात म्हणून तो ती चावत बसतो. जागा बदलली, संध्याकाळी दाणे काढून तळ झाडायला सुरुवात केली, कोपऱ्यात एक मंद दिवा ठेवला. पोटाच्या तपासणीत निघालेल्या जंतूंचं औषधही सोबत चालू होतं, त्यामुळे नेमका गुण कशाचा ते सांगता येत नाही, पण रात्रीची आपटाआपटी थांबली हे खरं.

पिंजरा तीन बाजूंनी जाड कापडाने झाका, एक बाजू हवेला मोकळी ठेवा. खालून मांजर किंवा साप चढणार नाही अशा उंचीवर तो भिंतीला लागून असावा. दिवाळीत फटाके आणि लग्नसराईत डीजे वाजतो, तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत न्या आणि कोणीतरी जवळ बसा.

रिकामा दिवस

रानातला पोपट दिवसाचा मोठा भाग खाणं शोधण्यात घालवतो. ज्वारीच्या शेतात थवा उतरलेला ज्याने पाहिलाय त्याला हे सांगायला नको: उडायचं, कणीस पकडायचं, सोलायचं, टाकायचं, पुन्हा दुसरं. पिंजऱ्यातल्या पोपटाला भरलेली वाटी मिळते, पंधरा मिनिटांत पोट भरतं. उरलेल्या वेळात चोचीला काम नसतं, आणि जवळ असतात ती स्वतःचीच पिसं. सोयाबीन काढणी, कापूस वेचणीच्या दिवसांत घर सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिकामं असतं, तेव्हा पिसं उपटणं वाढलेलं दिसतं ते यामुळे.

म्हणून वाटी कमी करा आणि खाणं लपवा. मक्याचं कणीस सालीसकट आडवं बांधा. पळसाच्या पानाचा द्रोण वळून त्यात दाणे ठेवा आणि तोंड काडीने टोचून बंद करा. शिंदीची हिरवी पानं विणून गजाला लटकवा, फाडत बसायला लव्हबर्डला फार आवडतं. सुरुवातीला पुडी अर्धी उघडी ठेवायची, नाही तर आत काय आहे हे त्याला कळत नाही आणि तो घाबरतो. पिसं उपटणाऱ्या पक्ष्यासमोर नवी वस्तू एकदम टांगू नका. आधी दोन-तीन दिवस पिंजऱ्याबाहेर, नजरेच्या टप्प्यात ठेवा.

बसायच्या काठ्या सगळ्या एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्या नकोत. कडुनिंब, पेरू, शेवगा यांच्या सालीसकट फांद्या लावा, साल सोलण्यातही वेळ जातो. पऱ्हाटीचा मोह होतो कारण ती हाताशी असते, पण कपाशीवर इतके फवारे झालेले असतात की ती पिंजऱ्यात नकोच. तुराटीचंही तसंच.

पक्षी पिसं ओढताना दिसला की "ए!" म्हणून धावत जायची आपल्याला सवय असते. त्यातून तो शिकतो की पीस ओढलं की माणूस येतो. त्या वेळी शांत राहा. तो खेळत असेल, पान फाडत असेल, शीळ घालत असेल तेव्हा जवळ जा, बोला. रोज ठरलेल्या वेळी, शेतात जायच्या आधी आणि आल्यावर, थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी द्या. बजरी आणि कॉकाटिल थव्याने राहणारे पक्षी आहेत, त्यांना सोबती चांगला. मात्र आजाराचा संशय फिटल्याशिवाय दुसरा पक्षी आणू नका, आणि आणल्यावर महिनाभर वेगळा ठेवा.

पिंजऱ्यात मडकं टांगलेलं असेल तर ते काढा. सतत घरट्याच्या नादात असलेला पक्षी चिडचिडा होतो, पिसं काढतो, मादी अंडी घालून घालून खंगते. पाठीवरून हात फिरवणंही त्याच कारणाने टाळा, लाड करायचे तर डोकं आणि मान. पंखही कापू नका. कापलेल्या देठांची टोकं कुशीत टोचतात आणि तिथूनच चावायला सुरुवात होते.

किती दिवस लागतात

कारण सापडून दूर झालं तर उघड्या जागी नवी पिसं यायला काही आठवडे लागतात, चघळलेल्यांना पुढची झडणी लागते. मधे पक्षी पुन्हा उपटेल. वहीत बघा, त्या आठवड्यात काय बदललं होतं. वर्षानुवर्षं त्याच जागची पिसं निघत राहिली असतील तर त्यांची मुळंच मेलेली असू शकतात आणि तिथे पुन्हा काही उगवत नाही. असा पक्षी नीट खात असेल, खेळत असेल, वजन टिकवून असेल तर त्याला तसंच सांभाळायचं. फक्त डिसेंबर-जानेवारीत, रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, उघड्या कातडीच्या पक्ष्याला आतल्या खोलीत घ्या, पिंजऱ्यावर तीन बाजूंनी गोधडी टाका आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका.